‘हे पोरगी आपल्याच वस्तीतली दिसते!’ : अभिनेत्री स्मिता पाटील

गेल्या वर्षावासातली गोष्ट. धारणीच्या विहारात रविवारची वंदना व ग्रंथवाचन आटोपले होते. बाहेर मेळघाटचा पाऊस कोसळत होता, त्यामुळे महिला मंडळाच्या भगिनी बसूनच राहिल्या. तेव्हा एका तरुणाने घरचा टी.व्ही. आणून लावला, त्याला मोबाईल जोडला आणि ‘सद्गती’ नावाचा एक जुना हिंदी चित्रपट दाखविला. आमच्या धारणीत भाषेची अडचण येत नाही. एका बाजूला परतवाडा-सेमाडोह-हरिसालचा रस्ता, दुसऱ्या बाजूला बऱ्हाणपूर-खंडवा. एकाच बाजारात कोरकू, हिंदी आणि वऱ्हाडी तिन्ही बोलल्या जातात. म्हणून ज्यांनी शाळेचे तोंडही पाहिले नाही अशा आजीबाईंनाही चित्रपट शब्दन् शब्द कळला.

चित्रपट संपला तेव्हा कोणी बोलेना. मग मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका आजीने विचारले, “हे पोरगी कोन्या गावची व बाई? आपल्याच वस्तीतली दिसते.”

“नाही आजी, ते स्मिता पाटील होय. शिरपूरच्या पाटलाची पोरगी.”

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पाटलाची? मंग रडली मात्र खरी!”

त्या दिवशी आमच्या ध्यानात आले की, विहारात बसलेल्या कॉलेजातल्या पोरींना स्मिता पाटील हे नावसुद्धा ठाऊक नव्हते. ज्या अभिनेत्रीने आपल्यासारख्यांच्या घरातली बाई पडद्यावर आणली, तिची ओळख आपल्या लेकीबाळींना असू नये हे बरे नव्हे. म्हणून हा लेखनप्रपंच.

स्मिताचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात झाला. घराणे मूळचे खानदेशातल्या शिरपूरचे. वडील शिवाजीराव गिरधर पाटील हे स्वातंत्र्यलढ्यातले कार्यकर्ते. पुढे ते महाराष्ट्राचे मंत्री झाले. आई विद्याताई समाजसेविका. म्हणजे घरी सत्ता होती, पण घराला चळवळीचीही हवा होती. लहानपणीच स्मिता राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात जाऊ लागली. गाणी, नाच, नाटुकली आणि गावोगावचे दौरे हीच तिची अभिनयाची पहिली शाळा. आपल्याकडे भीमजयंतीच्या जलशात नाचणाऱ्या-गाणाऱ्या पोरींना जी शाळा मिळते, तिच्याच जवळची ही शाळा म्हणायला हरकत नाही.

वडील मंत्री झाल्यावर कुटुंब मुंबईला आले. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि थोड्याच काळात ही मुलगी तेथे मराठी बातम्या वाचू लागली. तिची त्या वेळची एक गंमत अजून सांगतात. ती जीन्स घालून केंद्रावर यायची आणि बातम्यांची वेळ झाली की जीन्सवरूनच घाईघाईने साडी गुंडाळून कॅमेऱ्यापुढे बसायची. पाहणाऱ्यांना दिसायचे ते कपाळावरचे ठसठशीत कुंकू, मोठाले डोळे आणि सावळा चेहरा.

हा सावळा चेहरा, वाचक भगिनींनो, लक्षात ठेवण्याजोगा आहे. हिंदी चित्रपटाची नायिका म्हणजे गोरीपान, असा तो जमाना. (आताही तो पुरता गेला आहे असे नाही. स्थळ पाहायला आलेली मंडळी अजून पोरीच्या शिक्षणाआधी तिचा रंग पाहतात, आणि आपले बौद्ध म्हणविणारे पाहुणेही त्यात असतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.) अशा काळात स्मिताने आपला रंग लपविला नाही. दिग्दर्शक श्याम बेनेगल यांनी तिला दूरदर्शनवर पाहिले आणि चित्रपटात आणले. १९७५ चा ‘चरणदास चोर’, मग ‘निशांत’ आणि १९७६ चा ‘मंथन’.

‘मंथन’ गुजरातच्या दूध उत्पादकांच्या पैशातून निघाला. पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. सहकारी दूध संस्था गावात आली म्हणजे वरच्या जातीचे सरपंच आणि व्यापारी कसे बिथरतात, खालच्या वस्तीतले लोक मतदानाला उभे राहिले म्हणजे काय होते, हे त्यात दाखविले आहे. स्मिता त्यात बिंदू नावाची गरीब गवळण झाली. असे सांगतात की, चित्रीकरण पाहायला आलेली कॉलेजची पोरे नायिका कुठे आहे म्हणून शोधत होती, आणि नायिका गावच्या बायांमध्ये जमिनीवर बसलेली होती. त्यांना ती ओळखूच आली नाही!

पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, ‘भूमिका’ आला. मराठी अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावरून तो घेतला होता. पोरीच्या कमाईवर जगणारे घर, तिच्यावर हक्क सांगणारे एकामागून एक पुरुष, आणि या साऱ्यातून स्वतःचे आयुष्य शोधणारी बाई. या भूमिकेसाठी स्मिताला उत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. पुरस्काराची रक्कम तिने समाजकार्यासाठी देऊन टाकली.

त्याच सुमारास डॉ. जब्बार पटेल यांचा मराठी ‘जैत रे जैत’ निघाला. ठाकर आदिवासींची कथा, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत, ना. धों. महानोरांची गीते. यातली चिंधी ही नवऱ्याला सोडून आपल्या मनाच्या माणसाकडे जाणारी बाई आहे. सोडचिठ्ठीसाठी पैसे टाकून ती मोकळी होते आणि त्याची लाजही बाळगत नाही. आम्ही कोरकू वस्तीच्या शेजाराला राहतो. आदिवासी बाईचा हा मोकळेपणा आम्हाला नवा नाही. शिकलेल्या गावांना मात्र तो नवा वाटला. याच जब्बार पटेलांनी पुढे परमपूज्य बाबासाहेबांवरचा चित्रपट केला, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता ‘आक्रोश’कडे येऊ. १९८० साली गोविंद निहलानी यांनी तो काढला, लेखन विजय तेंडुलकरांचे. लहान्या भिकू हा आदिवासी मजूर बायकोच्या खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात आहे आणि तोंडातून एक शब्द काढत नाही. खून त्याने केलेला नाही. गावातल्या बड्या लोकांनी त्याच्या बायकोवर अत्याचार करून तिला मारले, आणि बोलला तर उरलेल्या घराचे काय होईल हे त्याला पक्के ठाऊक आहे. ओम पुरी लहान्या झाला, स्मिता त्याची बायको नागी. तिला पडद्यावर वेळ फार थोडा आहे. पण वकील, न्यायाधीश, पोलीस या सगळ्यांच्या बोलण्यामागे सतत तिचाच चेहरा दिसत राहतो. मेलेल्या बाईची भूमिका कोणती नामांकित नटी घेईल? हिने घेतली.

‘चक्र’ हा चित्रपट जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा, मुंबईच्या झोपडपट्टीतला. वऱ्हाडातून, मराठवाड्यातून दुष्काळात उठून मुंबईला गेलेल्या आपल्या किती कुटुंबांनी त्या झोपड्यांत आयुष्य काढले! या भूमिकेसाठी स्मिता झोपडपट्टीत जाऊन बायांचे उठणे-बसणे, बोलणे-भांडणे पाहत असे. याही चित्रपटाने तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. पण पोस्टरवर काय छापले? उघड्यावर अंघोळ करणारी नायिका! झोपडपट्टीतल्या बाईला अंघोळीला आडोसा नसतो, हे तिचे दुःख. धंदेवाल्यांनी त्याच दुःखाचे तिकीट केले. स्मिताने त्याबद्दल आपली नाराजी उघडपणे बोलून दाखविली होती.

आणि आता ‘सद्गती’. सत्यजित राय यांनी तो दूरदर्शनसाठी केला, लांबी जेमतेम पाऊण-एक तास. १९८२ साली तो घरोघरच्या टी.व्ही.वर दिसला. मूळ कथा प्रेमचंदांची, १९३०-३१ च्या सुमारासची. दुखी नावाचा चांभार मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढायला पंडिताकडे जातो. अंगात ताप आहे, पोटात अन्न नाही. पंडित त्याला अंगण झाडायला लावतो, भुसा वाहायला लावतो, शेवटी एक गाठीचा लाकडाचा ओंडका फोडायला लावतो. ओंडका फुटत नाही, दुखी मात्र तिथेच कोसळून मरतो. एक गोंड माणूस तेवढा त्याची विचारपूस करतो, आणि तोच वस्तीत येऊन सांगतो की, पोलीस येईपर्यंत मुडद्याला हात लावू नका. विहिरीच्या वाटेवर प्रेत पडले म्हणून ब्राह्मणवाडा खोळंबतो. मग पंडित काठीने मेलेल्याचा पाय उचलतो, त्यात दोरीचा फास अडकवतो आणि जनावरांच्या सांगाड्यांत प्रेत ओढत नेऊन टाकतो. स्पर्श होऊ नये म्हणून ही युक्ती!

स्मिता यात दुखीची बायको झुरिया. भर पावसात ती नवऱ्याच्या प्रेताशी येते, मग पंडिताच्या बंद दाराशी जाऊन टाहो फोडते. दार उघडत नाही. आतली माणसे ऐकत असतात. आमच्या विहारात त्या वेळी बाहेरही पाऊस होता आणि टी.व्ही.तही पाऊस होता. कित्येकींनी पदर डोळ्यांना लावला.

पण चर्चा मात्र वेगळीच झाली. एक भगिनी, बांधकामावर जाणारी, तावातावाने म्हणाली, “पन त्यानं त्या बामनाच्या दारी जायचंच कायले? पोरीची सोयरिक, तारीख आपन धरावं!” सगळ्या हसल्या. मात्र तिच्या बोलण्यात फार मोठा इतिहास आहे. प्रेमचंदांनी ही कथा लिहिली त्याच्या आधीच, १९२७ साली, बाबासाहेबांनी महाडचे चवदार तळे खुले केले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात अंबादेवी मंदिर प्रवेशासाठी परिषद भरली आणि अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांतली एक अशी की, कोणतेही क्रियाकर्म ब्राह्मणाच्या हातून करवून घेणार नाही. बांधकामावर जाणारी आपली बाई ती प्रतिज्ञा तोंडपाठ म्हणते. दुखीला आणि झुरियाला ती ठाऊक नव्हती. म्हणून ‘सद्गती’ पाहताना आपल्याला रडू येते तसा रागही येतो, आणि आपल्या आज्या-पणज्या त्या दारापासून उठून कुठवर चालत आल्या हेही आठवते. चित्रपटात मात्र वस्तीतला कोणी उठत नाही. तो दोष स्मिताचा नव्हे. तिला जे लिहून दिले ते तिने जिवंत केले.

एक गोष्ट मात्र बोलल्यावाचून राहवत नाही. आपल्या दुःखावर चित्रपट निघाले, पण त्यांत आपली बाई कोण झाली? १९३६ च्या ‘अछूत कन्या’त देविका राणी, १९५९ च्या ‘सुजाता’त नूतन, मग स्मिता. खुद्द बाबासाहेबांच्या चित्रपटात माता रमाई झाल्या सोनाली कुलकर्णी. सर्व गुणी अभिनेत्री, कामे उत्तम, वाद नाही. पण उलटे घडले तेव्हा काय झाले पाहा. केरळात मल्याळम भाषेतला पहिला चित्रपट ‘विगतकुमारन’ १९२८-३० च्या सुमारास निघाला. त्याची नायिका पी. के. रोझी ही दलित समाजातली, मजुरी करणारी मुलगी. तिने पडद्यावर नायर घराण्यातल्या स्त्रीची भूमिका केली. एवढ्यासाठी सवर्ण प्रेक्षक खवळले, दगडफेक झाली, तिचे घर जाळले आणि तिला तामिळनाडूकडे पळून जावे लागले. पुन्हा ती कधी पडद्यावर आली नाही. सवर्ण बाईने आपले सोंग घेतले तर पुरस्कार, आपल्या बाईने त्यांचे घेतले तर आग! स्मिताचे मोठेपण मान्य करूनही हा हिशेब विसरता येत नाही. नागराज मंजुळे यांनी २०१३ साली ‘फँड्री’ केला आणि खेड्यातलाच मुलगा नायक म्हणून उभा केला. त्याच्या शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट पाहणाऱ्याच्या तोंडावर. झुरियाच्या टाहोपासून त्या दगडापर्यंत यायला आपल्या पडद्याला तीस वर्षे लागली.

१९८२ सालच्या ‘उंबरठा’त स्मिता सुलभा महाजन होती. सुखवस्तू घर, नवरा, मुलगी सोडून ती महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून जाते आणि तेथला भ्रष्टाचार पाहून लढायला उभी राहते. परत येते तेव्हा नवऱ्याने दुसरी बाई जोडलेली असते. मग ती पुन्हा घराबाहेर पडते. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरचा हा चित्रपट मध्यमवर्गीय बायांत फार गाजला. आमच्या घरच्या बायांना उंबरठा ओलांडायला कोणाची परवानगी लागली नाही, पोटानेच त्यांना बाहेर काढले. म्हणून सुलभाचे घर त्यांना थोडे परके वाटते. सुधारगृहातल्या बाया मात्र ओळखीच्या वाटतात.

त्याच वर्षी ‘नमक हलाल’, ‘शक्ती’ असे अमिताभ बच्चनबरोबरचे धंदेवाईक चित्रपटही आले. पावसात भिजत केलेल्या एका नाचगाण्याने ती अस्वस्थ झाली होती, असे सांगतात. पण त्यामुळेच गल्लीबोळातला प्रेक्षक तिला ओळखू लागला आणि तिचे गंभीर चित्रपटही पाहू लागला. दहा-बारा वर्षांत तिने ऐंशीच्या आसपास चित्रपट केले. १९८५ मध्ये ‘पद्मश्री’ मिळाली. मुंबईतल्या स्त्रियांच्या चळवळीशीही तिचा संबंध होता. अभिनेते राज बब्बर आधीचे विवाहित. त्यांच्याशी तिने संसार मांडला तेव्हा टीका झाली, आणि बायांच्या बाजूने बोलणाऱ्या स्मिताला ती जास्त लागली असणार. त्यात आम्ही पडत नाही.

२८ नोव्हेंबर १९८६ ला तिला मुलगा झाला, प्रतीक. आणि पंधराव्या दिवशी, १३ डिसेंबरला, बाळंतपणानंतरच्या दुखण्याने ती गेली. वय अवघे एकतीस. मंत्र्याची मुलगी, देशभर नाव, मुंबईसारखे शहर, आणि दगा दिला तो बाळंतरोगाने! नातवाला आजी-आजोबांनी वाढविले. तो अभिनेता झाला, आणि २०२५ साली त्याने आपल्या नावापुढे बापाचे सोडून आईचे नाव लावले : प्रतीक स्मिता पाटील.

मेळघाटात राहणाऱ्याला ही तारीख वाचून पुढे जाता येत नाही. १९९३ साली येथली बालके उपासमारीने दगावतात हे देशाला कळले. कोर्टात याचिका झाल्या, मंत्र्यांच्या गाड्या आल्या-गेल्या. पोरांच्या बातम्या होतात. बाळंतिणींच्या कमी होतात. बाळंतपणात किंवा नंतर जंतू शिरले म्हणजे ताप चढतो, थंडी वाजते, ओटीपोट दुखते, अंगावरून जाणाऱ्याला दुर्गंधी येते. युरोपात व्हिएन्नाच्या दवाखान्यात सेमेलवाईस नावाच्या डॉक्टरने १८४७ सालीच दाखवून दिले होते की, तपासणाऱ्याने हात स्वच्छ धुतले तरी हे मरण पुष्कळ टळते. तरी अजून घरोघरी ऐकू येते, “बाळंतिणीले ताप येतच असते, शेक द्या.” शेकाने जंतू मरत नाहीत. बाळंतपणानंतर सव्वा महिना, नेमके सांगायचे तर बेचाळीस दिवस, यांपैकी एकही लक्षण दिसले तर रात्र काढू नका. आशाताईंना हाक मारा, १०८ ची गाडी बोलवा, धारणीचे उपजिल्हा रुग्णालय गाठा. पावसाने रस्ता तुटतो अशा गावच्या बाईने दिवस भरत आले की आधीच धारणीला नातेवाईकाकडे येऊन राहावे. सासूबाईंनी मनावर घेतले तर हे होते, हा आमचा अनुभव आहे.

स्मिता गेल्यावर दोन महिन्यांनी, १९८७ मध्ये, केतन मेहता यांचा ‘मिर्च मसाला’ लोकांसमोर आला. दुसऱ्या रविवारी आम्ही विहारात तोच लावला. इंग्रजी अमदानीतले गाव, सारा वसूल करणारा सुभेदार. सोनबाई त्याच्या थोबाडीत मारते आणि मिरची कांडण्याच्या कारखान्यात आसरा घेते. गावचे मुखी, सावकार सारे म्हणतात, एका बाईसाठी गाव कशाला जाळून घ्यायचे, द्या तिला. आतल्या बायाही आधी तिलाच बोल लावतात. म्हातारा मुसलमान पहारेकरी तेवढा दार लावून उभा राहतो आणि गोळी खातो. दार तुटते, सुभेदार आत शिरतो, आणि त्याच बाया तिखटाची पोती उचलून त्याच्या डोळ्यांत रिकामी करतात. स्मिता हातात विळा घेऊन उभी. चित्रपट तिथेच थांबतो.

आमच्या बायांनी हंगामात मिरची खुडलेली, कांडलेली. ती आग हाताला आणि डोळ्याला कशी लागते हे त्यांना सांगावे लागत नाही. विहारात एकच गलका झाला. मागच्या रविवारची ती आजी या वेळी भिंत सोडून पुढे सरकून बसली होती.

“हे तेच पोरगी होय ना व? मागल्या खेपी रडत होती ते?”

“हो आजी, तेच.”

“मंग पुन्हा लाव शेवटचं,” आजी म्हणाली. त्या पोराने मोबाईलवर बोट मागे सरकवले आणि शेवट पुन्हा लावला.